तरव्याची पेंढी आणि पहिला पॅच
"दादा, इथं नुसतं लाल लाल यायलंय."

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून चुलत बहिणीचा फोन आला. मी राहतो त्या बेल्जियममधल्या ल्यूव्हेनला संध्याकाळचे सात वाजले होते, तिकडे रात्रीचे साडेदहा. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मजकुरात शब्द शोधून देणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणीही बघू-सुधारू शकतं अशा) प्रोजेक्टची देखभाल आम्ही इथं चौघं करतो. तो ती आपल्या लॅपटॉपवर चालवू पाहत होती आणि पडद्यावर लाल अक्षरांत चुका येत होत्या. सूचनांचं पान मीच लिहिलेलं, आणि त्यात एक पायरीच नव्हती. त्या पायरीत टाकायची लायब्ररी, म्हणजे प्रोजेक्टला लागणारा तयार कोड, माझ्या मशीनवर किती वर्षं पडून आहे, त्यामुळे ती मुद्दाम टाकावी लागते हे मला आठवलंच नाही. तिच्या दोन रात्री गेल्या. तिला हक्कानं फोन करायला दादा होता. ज्यांना तसं कुणी नाही, ती पोरं 'आपल्याला जमत नाही' म्हणून लॅपटॉप मिटतात.

मीही एकदा मिटला होता. बेळगावला कॉलेजात असताना एका मोठ्या प्रोजेक्टला पहिला पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, पाठवला. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: जुना झाला म्हणून बंद करतोय. चूक काय होती, कुणी सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं मी त्या वाटेला गेलो नाही.

आमच्याकडे रोप लावणीला पोराला पहिल्या दिवशी कुणी वाफ्यात उतरवत नाही. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या बांधावरून पोचवायच्या, एवढंच त्याचं काम. दुसऱ्या वर्षी काकूनं मला आपल्या आणि आत्याच्या मध्ये उभं केलं. दोन्हीकडं सरावलेले हात. माझी ओळ वाकडी गेली की काकू न बोलता दोन रोपं सरळ करायची आणि पुढं सरकायची.

त्या फोननंतर आम्ही ठरवलं, सोपी कामं आपण करायची नाहीत. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दहा मिनिटांची चूक समोर दिसत असताना हात आवरणं कठीण जातं. गिटहबवर, म्हणजे असे प्रोजेक्ट जिथं ठेवतात त्या साइटवर, नवख्यांसाठीच्या कामाला 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावता येते, पण नुसत्या चिठ्ठीनं भागत नाही. लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये अशा कामांना 'ईझी हॅक' म्हणतात, आणि कोडमध्ये नेमकं कुठं बघायचं तेही तिथं लिहून देतात. आम्हीही आता फाइलचं नाव, काय बदललेलं दिसायला हवं आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हे लिहितो. पॅच आला की दोन दिवसांत निदान "मिळाला, रविवारी बघतो" एवढं तरी कळवतो. डेटा संपतो म्हणून कोडचा सगळा जुना इतिहास न उतरवता फक्त आजची प्रत घ्यायची आज्ञाही पानावर सगळ्यात वर दिली.

मग बहिणीनं जे शोधलं, ते आम्हा चौघांच्या ध्यानीमनी नव्हतं. 'शेतकऱ्यांना' शोधलं की निम्मेच निकाल येत होते. काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर पाठवतात, काही साध्या 'र'ला हलन्त आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. माझ्या बेल्जियन सहकाऱ्यांना हे कधी दिसलंच नसतं, आणि मी मराठी असून मलाही दिसलं नव्हतं. दुरुस्ती अकरा ओळींची. "इंग्रजी चुकलं तर?" म्हणून ती चार दिवस पाठवायला भीत होती. इथं आमच्यातले दोघं डच बोलतात, एक फ्रेंच, आणि सगळेच मोडकं इंग्रजी लिहितो, हे सांगितल्यावर तिनं पाठवली.

फेब्रुवारीत ब्रुसेल्सला 'फॉस्डेम' हा ओपन सोर्सवाल्यांचा मेळावा झाला. त्याला ना तिकीट, ना नोंदणी, थेट विद्यापीठाच्या आवारात शिरायचं. रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि डच दोन्हींत. ते बघून दरवेळी मला घर आठवतं. तिथल्या एका बाकावर बसून मी तिला फोटो पाठवले.

सूचनांचं पान आता ती मराठीत लिहितेय. कन्नड पान तिच्या बैलहोंगलच्या मैत्रिणीनं घेतलंय. माझं कन्नड शाळेपुरतं, ते तपासणं मला जमणार नाही. बेळगाव, चिकोडी, गोकाककडचं कुणी हे वाचत असाल आणि आठवड्याला एक तास देऊ शकत असाल, तर कळवा. कोड येत नसला तरी चालेल.