तंबोऱ्यासाठी बदललेली सीट

इमारतीच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीची डिकी उघडी दिसली की कोणी ना कोणी थांबतेच, आणि प्रश्न ठरलेला असतो : विजेवर चालणारी चांगली नवी गाडी, तिची मागची सीट काढून दुसरी कशाला बसवलीत, आणि आता ती कशी वाटते? उभ्या उभ्या मी "सोयीची आहे" एवढेच सांगून मोकळी होते, पण ते उत्तर अर्धेच खरे आहे. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून उरलेले अर्धे लिहिते.

गाडी घेताना आम्ही पैशांचा विचार करून खालचे मॉडेल घेतले. त्यात मागच्या सीटची पाठ अखंड होती. दुमडायची तर सगळी दुमडायची, नाहीतर सगळी उभी ठेवायची. शोरूममध्ये या गोष्टीकडे आमचे लक्षही गेले नाही. लक्ष गेले ते पहिल्यांदा तंबोरा ठेवायची वेळ आली तेव्हा. माझा तंबोरा मिरजेचा, साडेचार फुटांच्या आसपास उंचीचा. भोपळा डिकीत ठेवला तर दांडी सीटच्या पाठीवर आदळते. पुढच्या दोन सीटच्या मधून तो तिरपा घालून पाहिला, तर खुंट्या थेट आरशाशी जाऊन भिडल्या. पूर्ण पाठ खाली केली की तंबोरा राजासारखा आडवा होई, पण मग सासूबाई आणि चार वर्षांची लेक घरी राहत. मिरजेला जवारी काढून घ्यायला (म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून घ्यायला) जायचे आणि तिथून कोल्हापूरला सासरी उतरायचे, अशा साध्या प्रवासासाठीही आम्हाला माणसे आणि वाद्य यांतून एकाची निवड करावी लागत होती. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये पाठ साठ-चाळीस अशा दोन भागांत दुमडते, हे कळल्यावर चौकशी सुरू झाली.

पहिले उत्तर मिळाले ते सीटकव्हर शिवणाऱ्या एका कारखान्यात. तिथल्या कारागिराने पाठीवर हात फिरवला आणि अगदी सहज सांगितले की फोम काढून सांगाडा मधोमध कापतो, दोन बिजागऱ्या वेल्ड करतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी देतो. त्याचा हात कसबी होता, यात शंका नाही. पण सीटची पाठ ही सोफ्याची पाठ नव्हे. डिकीतले सामान आणि माणसे यांच्यामधली ती भिंत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतील नियम क्रमांक १७ मध्ये सीटच्या मजबुतीची जी चाचणी आहे, तिच्यात पाठीमागे १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटर वेगाची धडक घडवतात आणि पाठ किती वाकते ते पाहतात. हा आकडा वाचून मला हापूसच्या पेट्या आठवल्या. एक आंबा पाव किलोचा धरला तर पाच डझनांचे १५ किलो होतात, त्यात लाकडी पेटीचे वजन मिळवले की जवळपास तेच १८ किलो. मे महिन्यात कोकणातून परतताना अशा पेट्या आपण निर्धास्तपणे मागे रचतो आणि त्यांच्या पुढ्यात लेकरू बसवतो. कापून जोडलेली पाठ ती पेटी अडवील की नाही, याचे उत्तर त्या कारागिराकडे नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. शिवाय विजेवरच्या गाडीत जमिनीखाली बॅटरी असते, आणि आमच्या गाडीत बैठकीखालीच विद्युतप्रवाह तोडण्याचा प्लग आहे, ज्याच्याजवळून उच्च दाबाच्या नारिंगी तारा जातात. तिथे वेल्डिंगची ठिणगी ही कल्पनाच मला नको होती.

म्हणून कंपनीचीच, वरच्या मॉडेलची सीट सुटा भाग म्हणून मागवली. सर्व्हिस सेंटरने आधी "असे कोणी करत नाही" म्हणून दोन वेळा परत पाठवले. तिसऱ्या वेळी एका तरुण मेकॅनिकने भागांच्या यादीत दोन्ही मॉडेलचे कंस आणि बोल्टच्या जागा एकच असल्याचे दाखवले, तेव्हा काम पुढे सरकले. खर्च एका चांगल्या फ्रिजएवढा आला. दिवसभर मी तिथेच बसून होते. सीट उचलण्याआधी त्यांनी बारा व्होल्टची बॅटरी सोडवली आणि नंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळून त्यावर पांढरी खूण केली. मधल्या माणसाचा पट्टा जुन्या गाडीत छतातून येत असे, नव्या सीटमध्ये तो पाठीतूनच निघतो, त्यामुळे सीटबरोबर पट्टाही बदलावा लागला. पट्टा न लावल्याची सूचना देणारी तार मात्र जुळेना, आणि मागे कोणी नसतानाही तो लाल दिवा लागून राहिला. जोड बदलून तो विझेपर्यंत मी गाडी ताब्यात घेतली नाही.

आता खरी गंमत. साठ-चाळीस म्हटले की सगळे प्रश्न सुटले असे वाटते, पण लहान मुलाची सीट गाडीत असली की हे गणित उलटेपालटे होते. आमच्या गाडीत चाळीसचा भाग डावीकडे आहे. लेकीची सीट आम्ही पहिल्यापासून डावीकडेच बसवत आलो, कारण आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते आणि मूल फुटपाथच्या बाजूला उतरते. पण तिची सीट चाळीसवर असली की तो भाग दुमडता येत नाही. दुमडायचा तर साठचा, म्हणजे दोन माणसांची जागा गेली आणि सासूबाई पुन्हा घरी. मग लेकीची सीट उजवीकडे नेली, डावा भाग पाडला, तंबोरा ठेवला, सासूबाईंना पुढे बसवले आणि मी मधल्या जागेवर. मिरजेपर्यंत सगळे छान झाले. तिथे पोहोचल्यावर लक्षात आले की मला उतरताच येत नाही : उजवीकडे लेकीची सीट, डावीकडे तंबोरा. आधी वाद्य बाहेर निघाले आणि मग त्याची मालकीण. त्या दिवशी सगळे हसले, पण काही बरेवाईट झाले असते तर मी तिथून वेळेवर निघू शकले नसते, हा विचार परतीच्या वाटेवर पाठ सोडीना.

आता लेकीची सीट अशा प्रवासात मधल्या जागेवर, तीन बिंदूंच्या पट्ट्याने बांधतो, आणि मी उजव्या दाराशी बसते. गाडीची आणि बालसीटची, दोन्ही पुस्तिका या जागेला परवानगी देतात, हे आधी वाचून घेतले. सगळ्या गाड्यांत तशी ती नसते. एरवी रोजच्या शाळा-बाजारात तिची सीट डावीकडे आयसोफिक्सच्या, म्हणजे बालसीट थेट गाडीला अडकवायच्या दांड्यांवरच असते. त्या दोन दांड्यांमधले अंतर जगभर सारखेच, २८० मिलिमीटर, असल्यामुळे सीट बदलल्यावरही तिथे काही अडले नाही. इकडून तिकडे बालसीट हलवायला मला दहा मिनिटे लागतात आणि त्यातली पाच पट्ट्याचा पीळ काढण्यात जातात.

बसायला कशी आहे, हाही प्रश्न असतो. बॅटरीमुळे गाडीची जमीन उंच, त्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात आणि मांड्यांखाली आधार कमी पडतो. ही तक्रार आधीही होती. नवी बैठक बोटभर जाड असल्याने ती थोडी कमी झाली, इतकेच. मधल्या माणसाला मात्र नुकसान झाले आहे. दोन भागांची फट त्याच्या डाव्या खांद्यामागे येते आणि पट्ट्याचे यंत्र पाठीत असल्यामुळे तिथला फोम कडक लागतो. मधली जागा पूर्वी तासभर सहन होत असे, आता पाऊण तास. ज्यांच्या घरी मागे रोज तीन मोठी माणसे बसतात, त्यांना मी ही सीट सुचवणार नाही.

दुमडलेली पाठ अगदी सपाटही होत नाही. आधी बैठक पुढे उलटवायची आणि मग पाठ खाली घ्यायची, हा क्रम पाळला तर डिकीशी जवळजवळ समतल जागा मिळते. आळस करून नुसती पाठच पाडली तर मध्ये चार बोटांची पायरी राहते, आणि तंबोऱ्याची दांडी त्या पायरीवर अधांतरी टेकणे धोक्याचे. दुसरी गोष्ट विजेच्या गाडीचीच आहे. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटी वीज तयार करून गाडी हळू करते, म्हणजे ब्रेकला पाय न लावताही दर चौकात एक छोटासा हिसका बसतो. पाठ उभी असताना तो जाणवत नाही, पण पाठ खाली असली की मागचे सगळे सामान मिनिटामिनिटाने पुढे सरकते. म्हणून भोपळ्याखाली जुनी गोधडी, दोन्ही बाजूंना उशा आणि वरून डिकीतल्या कड्यांना अडकवलेला पट्टा. शिवाय वाद्य गाडीत असले की तो हिसका सर्वांत कमी पातळीवर ठेवते.

इंजिनाचा आवाज नसल्यामुळे इतर सगळे आवाज ऐकू येतात, हे विजेची गाडी वापरणाऱ्याला सांगायला नको. नवी सीट बसवल्यावर आठवडाभराने खंबाटकी घाटात मागून बारीक 'कट कट' सुरू झाली. सासूबाईंच्या मते ती तंबोऱ्याची घोडी होती, आणि नवऱ्याच्या मते माझा भास. निघाली ती खटक्याची : पाठीचा खटका आणि गाडीच्या अंगावरची कडी यांच्यात केसभर फट होती. कडीचा बोल्ट सैल करून तिला थोडे मागे सरकवले आणि आवाज गेला.

त्या खटक्याबद्दल मी हळवी आहे, हे मान्य करते. पाठ उभी केली की खटका लागल्याचा आवाज येतो, पण आवाज येणे आणि पूर्ण अडकणे या दोन गोष्टी आहेत. टेस्लाने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे ११,००० मॉडेल एक्स गाड्या परत बोलावल्या होत्या, त्याचे कारण दुसऱ्या रांगेतील दुमडणाऱ्या सीटची केबल नीट न लागल्याने पाठ धडकेत पुढे येऊ शकते, हेच होते. आमच्या सीटला वरच्या बाजूला लाल खूण आहे. ती दिसत राहिली तर खटका अर्धवट आहे. तरीही मी पाठ वरून धरून जोरात ओढून पाहते, कारण मधल्या जागेचा पट्टा त्याच पाठीत आहे, आणि पाठ सुटली तर पट्टा असून नसल्यासारखा. बैठक परत बसवताना पट्ट्यांची बकले हमखास खाली दबतात, तीही दरवेळी वर काढावी लागतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. दबलेले बकल शोधायचा कंटाळा आला की मला ती बातमी आठवते.

कायद्याचेही लोक विचारतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करायला मनाई करते. आमच्या सीटची संख्या पाचच राहिली आणि भाग कंपनीचाच आहे, तरी विमा कंपनीला लेखी कळवून बिलाची प्रत सोबत जोडली. उत्तर यायला महिना गेला, पण आले.

जुनी सीट मी विकलेली नाही. गाडी विकायची वेळ आली तर घेणारा मूळ सीट मागू शकतो, असे मेकॅनिकने बजावले होते. ती आमच्या मागच्या गॅलरीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवायची असे ठरले होते. पहिल्याच आठवड्यात प्लास्टिक निघाले. दुपारी सासूबाई तिच्यावर मांडी घालून वाटाणे सोलतात, आणि गाडीतल्या नव्या सीटपेक्षा हीच बरी, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.