आधी पिशवी दाखवा, मग नंबर

उत्तर इंग्लंडमधल्या डोंगरांवरच्या शर्यतींना फेल रनिंग म्हणतात. त्यातल्या लांब शर्यतींत छातीवर लावायचा नंबर नुसतं नाव सांगून हातात पडेलच असं नाही. आधी पाठीवरची पिशवी टेबलावर रिकामी करून दाखवावी लागते. शिवणींवर आतून टेप लावलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, त्याला कायमचं जोडलेलं हूड, तशीच पँट, कानटोपी, हातमोजे, मार्गाचा नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडचणीच्या वेळेसाठी राखलेलं खाणं. यातलं एक जरी कमी असेल तर धावायला मिळत नाही, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा.

मी पुण्याची, आता नोकरीनिमित्त मँचेस्टरला असते. आपल्याकडे जुलैत चिंब भिजून सिंहगड चढला तरी अंगातली ऊब टिकते. खाली उतरून गरम भजी खाल्ली की सगळं विसरायला होतं. इथे किंडर स्काउट या पठारासारख्या डोंगराची उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मीही नाही. पण माथ्यावर झाडाचा आडोसा नाही. काळ्याभोर दलदलीच्या मातीत पाण्याने कापलेल्या घळीच घळी आहेत. ढग खाली आला की त्या सगळ्या सारख्याच दिसतात. मार्चमध्ये तापमान दोन-तीन अंशांवर असताना पाऊस आणि वारा एकदमच येतात.

मी ज्या शर्यतीत नाव दिलं ती याच पठाराच्या कडेने जाणारी, ‘बी-एल’ वर्गातली. बी म्हणजे दर किलोमीटरला सरासरी किमान २५ मीटर चढ आणि एल म्हणजे २० किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर. सामानाची किमान यादी फेल रनर्स असोसिएशनच्या नियमांत ठरलेली असते. आयोजक त्यात भर घालू शकतो, पण लांबच्या, चढाच्या शर्यतींत सहसा काही कमी करत नाही. अर्जात आधीच्या लांब शर्यतींचा अनुभवही लिहायचा होता. मला हे फार योग्य वाटलं.

सर्वांत जास्त वेळ गेला जॅकेट निवडण्यात. दुकानात ‘पाण्याला टिकणारं’ असं लिहिलेली हलकी, स्वस्त जॅकेटं ढिगाने मिळतात, पण ती वाऱ्यापुरती असतात. क्लबमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला ते उलटं करून बघायला शिकवलं. आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी, कारण सुईने पाडलेल्या भोकांतूनच पाणी आत शिरतं. हूड चेनने निघणारं नको. आणि माप असं हवं की आतल्या सगळ्या कपड्यांवरून, गारठलेल्या बोटांनीही ते चढवता आलं पाहिजे. त्यांनी मला हातमोजे घालून चेन लावून दाखवायला सांगितलं. खरेदीपूर्वीची ही परीक्षा मी आता सगळ्यांना सांगते.

शर्यतीच्या सकाळी गावातल्या सभागृहात तपासणीची रांग होती. टेबलामागच्या काकांनी माझं जॅकेट उलटं केलं आणि खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत शेवटपर्यंत नेला. नकाशा उघडायला लावला. मग होकायंत्र सपाट धरायला सांगून त्यांनी आपलं शेजारी धरलं, दोन्ही काटे एकाच दिशेला आहेत ना ते पाहिलं. मोबाइलमधल्या चुंबकाजवळ होकायंत्र बराच काळ राहिलं तर काट्याचे ध्रुव उलटे होऊ शकतात. तसं झालं तर लाल टोक दक्षिण दाखवतं, आणि ढगात माणूस पूर्ण विश्वासाने विरुद्ध बाजूला उतरतो. म्हणून मोबाइल एका कप्प्यात आणि होकायंत्र दुसऱ्या कप्प्यात ठेवायचं. पुण्यातल्या ट्रेकर मंडळींनीही हे लक्षात ठेवावं.

ही कडक शिस्त उगाच आलेली नाही. याच डोंगराळ पट्ट्यात मार्च १९६४ मध्ये ‘फोर इन्स’ या लांब पल्ल्याच्या चालण्याच्या स्पर्धेत तीन तरुण स्काउट थंडी-पावसाने गेले. त्यानंतर इथल्या बचाव पथकांची एकत्रित संघटना उभी राहिली. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्या मृत्यूंचा अभ्यास केला. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की कपड्यांची ऊब धरून ठेवण्याची ताकद कशी ढासळते, हे त्यांनी मोजून दाखवलं. २०१२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या बटरमिअरच्या शर्यतीत एका धावपटूचा मृत्यू झाला, आणि सामानाबरोबर धावपटूंच्या मोजणीचे नियमही पुन्हा तपासले गेले. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये शंभर किलोमीटरच्या शर्यतीत २१ जण गेले. तिथे वारारोधक जॅकेट सक्तीचं नव्हतं. ही बातमी वाचल्यापासून ‘पाव किलो वजन वाचवू’ असं कुणी म्हटलं की माझा जीव वरखाली होतो.

मोजणीही तितकीच महत्त्वाची. सुरुवातीला आम्हाला दोऱ्यांनी आखलेल्या अरुंद वाटेतून एकेक करून आत सोडलं आणि मोजलं. शर्यत अर्धवट सोडली तरी ती जिथे संपते तिथे जाऊन सांगायचंच. परस्पर घरी गेलात तर बचाव पथकाची माणसं रात्रभर डोंगरावर तुम्हाला शोधत फिरतील.

वाटेत एका उतारावर पुढच्या मुलाचा घोटा मुरगळला. मी आणि माझ्यासोबत धावणाऱ्या एक बाई, आम्ही दोघी थांबलो. धावत असताना मला घाम येत होता, पण थांबल्यावर काही मिनिटांतच दात वाजायला लागले. त्या मुलाची बोटं इतकी बधिर झाली होती की पँट चढवायला आम्हीच मदत केली. खरं तर हे सगळं सामान धावण्यासाठी नसतंच, धावणं थांबल्यावर अंगात ऊब राहावी म्हणून असतं. सोबतच्या बाईंनी शिट्टी वाजवली, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. हा इथला मदतीचा ठरलेला इशारा आहे. खालून उत्तरादाखल तीन शिट्ट्या आल्या आणि थोड्या वेळाने मार्शल, म्हणजे वाटेवर नेमलेली आयोजकांची माणसं, वर पोहोचले. त्यांनी नंबर लिहून घेतला, आम्हाला पुढे जायला सांगितलं.

शेवटची रेषा ओलांडल्यावर काही जणांना बाजूला घेऊन पिशव्या पुन्हा उघडायला लावत होते, त्यात मीही होते. सुरुवातीला दाखवलेलं सामान गाडीत ठेवून कुणी हलकं होऊन धावू नये, म्हणून ही दुसरी तपासणी. नियम मोडणारा बाद होतो.

पुढच्या मोसमात साताऱ्याचा एक मित्र पहिल्यांदा उतरणार आहे. परवा त्याने विचारलं, “ताई, माझं पावसाळी जॅकेट चालेल ना? हूड निघतं, पण पक्कं बसतं.” मी म्हटलं, “नाही चालणार, आणि तपासणारे ऐकणारही नाहीत. शनिवारी ये, दुकानात जाऊ. येताना हातमोजे आण.”