बीड ते दताना : दहा हजार फुटांवरची उडी आणि मामांचे प्रश्न

मराठवाड्यात स्कायडायव्हिंगची सोय नाही. बीड, जालना, परभणीकडच्या माणसाला विमानातून उडी मारण्याची हौस भागवायची असेल, तर जवळचा म्हणावा असा पर्याय उज्जैनच्या दताना धावपट्टीचा आहे. मध्य प्रदेशचा पर्यटन विभाग अलीकडे हिवाळ्यात तेथे स्कायडायव्हिंग महोत्सव भरवतो. बीडहून राष्ट्रीय महामार्ग ५२ धरला की छत्रपती संभाजीनगर, धुळे, सेंधवा, इंदूर आणि देवास असा सरळ रस्ता आहे, आणि देवासकडून उज्जैनला जाताना धावपट्टी शहराच्या अलीकडेच लागते. कन्नडच्या व बिजासनच्या घाटात वेळ जातो, तेवढा हिशेबात धरावा. मुक्काम उज्जैनला करावा. महाकालाच्या दर्शनाची गर्दी शनिवार ते सोमवार सर्वाधिक असते, म्हणून उडी मधल्या वारी ठेवल्यास खोलीही सहज मिळते.

सोबत माझे मामा होते. ते मूळचे गेवराई तालुक्यातले आणि पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ही पलटण मुळात मराठ्यांची. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशच्या युद्धात, छत्रीने टांगाईलला उतरून पूंगलीचा पूल ताब्यात घेणारी आणि ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवणारी तीच. मामा भरती झाले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण टांगाईलचा विषय निघाला की ते आजही ताठ बसतात. माझ्या तिकिटाची रक्कम तीस हजारांच्या घरात गेली हे ऐकल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, “आम्हाला सरकार उडीचे पैसे द्यायचं, अन् तू पदरचे मोजायलास.” छत्रीधारी जवानांना वेतनाशिवाय पॅराशूट भत्ता मिळतो, त्यावरचा हा टोला होता. मामांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला असल्यामुळे ते उडी मारणार नव्हते. ते पाहायला आले होते, आणि त्यांच्याबरोबर पाहिल्यामुळेच सैन्यातली उडी आणि हौसेची उडी यांमधला फरक मला उमगला.

सैन्यातला जवान विमानातून उडी मारतो ती उतरण्यासाठी. हवेत असेपर्यंत तो शत्रूला दिसतो, वाऱ्याने आपल्या तुकडीपासून दूर जातो आणि लढू शकत नाही, म्हणून हवेतला वेळ जितका कमी तितका चांगला. हौशी माणूस मात्र हवेतल्या त्या वेळासाठीच पैसे मोजतो. उंची, छत्री, प्रशिक्षण आणि जमिनीवर टेकण्याची रीत या सगळ्यांत जो फरक दिसतो, तो या एका गोष्टीतून आलेला आहे.

आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये मूलभूत अभ्यासक्रमात पाच उड्या माराव्या लागतात आणि त्यांतली एक रात्रीची असते. विमान साधारण १,२५० फुटांवरून जाते. एएन-३२ या वाहतूक विमानात ४२ जवान बसतात. लाल दिवा लागला की उभे राहायचे, प्रत्येकाने आपल्या छत्रीचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवायचा, पुढच्याची पाठ तपासायची आणि हिरवा दिवा लागताच एकामागून एक दाराबाहेर पडायचे. छत्री जवान स्वतः उघडत नाही. तारेला अडकलेला तो पट्टा ती ओढून काढतो आणि तीन-चार सेकंदांत ती डोक्यावर फुगते. त्यानंतर मिनिट-सव्वा मिनिटात जमीन येते. मामा सांगतात की दारात उभे राहून खाली पाहण्याइतकी फुरसत कोणालाच नसते, कारण मागून दुसरा येत असतो.

माझे विमान लहान होते, आतली आसने काढलेली होती आणि आम्ही फरशीवर एकमेकांच्या पुढ्यात पाय पसरून बसलो होतो. दहा हजार फुटांवर जायला वीसेक मिनिटे लागतात. तेवढ्यात माझ्या मागे बसलेल्या प्रशिक्षकाने माझा पट्टा आपल्या पट्ट्याला चार ठिकाणी जोडला आणि प्रत्येक कडी ओढून, मला तिचा आवाज ऐकवून दाखवली. दार उघडल्यावर हनुवटी वर, पाय मागे दुमडलेले, पोट पुढे, एवढेच माझे काम. सुरुवातीला एक छोटी छत्री सुटते आणि दोन माणसांच्या वजनामुळे वाढू पाहणारा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास रोखून धरते. पाच हजार फुटांपर्यंतचा मोकळा प्रवास तीस-पस्तीस सेकंदांचा असतो. पडत असल्याची जाणीव होत नाही, कारण जवळ तुलनेला काही नसते. छातीवर हवेचा जबर दाब आणि कानांत एकसारखा गडगडाट, इतकेच कळते. मग मोठी छत्री उघडते आणि पाच-सहा मिनिटे माळव्याची गव्हाची शेते पायाखालून सरकत राहतात. या भागात कान दडपतात. नाक दाबून हलके फुंकावे किंवा आवंढा गिळावा.

मोठी छत्री उघडलीच नाही, तर एक स्वयंचलित उपकरण पडण्याचा वेग आणि उंची मोजून राखीव छत्री आपोआप सोडते. दोघांच्या उडीसाठी हे उपकरण साधारण १,९०० फुटांवर काम करते. हा आकडा मी मामांना सांगितला तेव्हा ते हसले, कारण ज्या उंचीवर यंत्र ‘आता फार उशीर झाला’ असे ठरवते, तिच्याही बरेच खालून जवान उडी मारायला सुरुवात करतो. त्याची राखीव छत्री छातीवर असते, ती हाताने ओढायची असते आणि निर्णयाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सेकंद मिळतात. म्हणूनच आग्र्याला विमानात चढण्याआधी जमिनीवरचा सराव इतका करून घेतात की हात विचार न करता चालतात.

दोन छत्र्यांचा आकारच वेगळा असतो. सैन्याची मूलभूत छत्री गोल असते आणि तिला फारसे वळवता येत नाही. ती जवानाला सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने खाली आणते. म्हणजे चार ते सहा फुटी ओट्यावरून उडी टाकल्यावर जितका हिसका बसतो, तितका तो असतो, आणि शिवाय अंगावर हत्यार व सामान असते. तो हिसका पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची बाजू यांवर वाटून घेत लोळण्याची रीत शिकवली जाते. तिच्यात घोटे आणि गुडघे घट्ट जोडलेले असलेच पाहिजेत. खेळातली छत्री चौकोनी, पंखासारखी असते. पतंग आणि फुग्यांचे काम करणाऱ्या डॉमिना जालबर्ट या अमेरिकन कारागिराने १९६० च्या दशकात ती घडवली. तिला पुढे जाण्याचा वेग असतो, दोऱ्या ओढून वळवता येते आणि जमिनीजवळ दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढल्या की ती जवळजवळ थांबते. त्यामुळे टेकताना प्रशिक्षक मला पाय समोर उचलायला सांगत होता आणि आम्ही गवतावर बसल्या बसल्या घसरत थांबलो. कुंपणापलीकडे मामा उभे होते आणि त्यांचे घोटे त्यांच्याही नकळत एकमेकांना चिकटले होते. “पाय जोड, पाय जोड म्हणून उस्तादांनी आम्हाला बडवलं, अन् हे पाय वर कर म्हणायलेत,” असे ते म्हणाले.

ही विभागणी अगदी काटेकोर नाही, हेही सांगितले पाहिजे. विशेष दलांचे जवान फार उंचावरून, ऑक्सिजन लावून मोकळी उडी घेतात आणि चौकोनी छत्रीने दूरवर जाऊन उतरतात. हवाई दलाचे १९८७ साली स्थापन झालेले ‘आकाशगंगा’ पथक प्रात्यक्षिकांत याच छत्र्या वापरते. उलट बाजूला पुण्याच्या शीतल महाजन आहेत. त्यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि २०१८ मध्ये नऊवारी नेसून थायलंडमध्ये. त्या कोणत्याही पलटणीत नव्हत्या, पण त्यांच्या तयारीला हौस म्हणण्याची मामांचीही छाती झाली नाही. माझ्याविषयी त्यांचे मत मात्र स्पष्ट होते : मी उडी मारली नाही, मला खाली आणले गेले. ते मला मान्य आहे. प्रशिक्षकाला बांधून घेतलेल्या उडीत निर्णय घेणारा एकच असतो आणि तो आपण नसतो.

म्हणूनच तो माणूस कोण आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मामांनी माझ्या वतीने विचारलेले प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. प्रशिक्षकाकडे दोघांच्या उडीचा परवाना आहे का आणि तो चालू आहे का? मुख्य छत्री कोणी घडी घातली? राखीव छत्री प्रमाणित कारागिराने शेवटची कधी तपासून बांधली, त्याचे कार्ड पाहायला मिळेल का? स्वयंचलित उपकरण सुरू आहे का? किती वाऱ्यात उड्या थांबवता? या प्रश्नांचा प्रशिक्षकाला राग आला नाही, उलट त्याने कार्ड काढून दाखवले. कोठे राग आला, तर पैसे परत मागून निघावे.

वय अठरा पूर्ण हवे. वजनाची मर्यादा आरक्षणाआधीच विचारावी आणि खरे वजन सांगावे, कारण पट्टे आणि छत्री त्यावर ठरतात. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर हा बेत सोडावा. नाडीचे बूट घालावेत, पण दोऱ्या अडकतील असे हुक असलेले नकोत. सकाळी हलके खावे. रिकामे पोट आणि भरलेले पोट, दोन्ही त्रास देतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुके असते आणि दुपारी वारा सुटतो, त्यामुळे आपली वेळ पुढे ढकलली जाणारच असे समजून एक दिवस हाताशी ठेवावा. तारीख बदलल्यास पैशांचे काय, हे लेखी घ्यावे. चित्रफितीचे पैसे बहुधा वेगळे असतात.

बीड-लातूरकडे पहाटे भरतीसाठी धावणारी पुष्कळ मुले आहेत आणि त्यांतली काही जण अशा उडीच्या प्रमाणपत्राचा उपयोग होईल का, असे विचारतात. भरतीत त्याचा उपयोग नाही. तेथे आधी १,६०० मीटरची धाव आणि लेखी परीक्षाच पार करावी लागते. पॅराशूट रेजिमेंटसाठी स्वेच्छेने नाव द्यावे लागते, तिचे प्रशिक्षण केंद्र बंगळूरला आहे आणि कठोर चाचणीचा काळ निभावल्याशिवाय पॅराट्रूपर म्हणून स्वीकारले जात नाही. तीस हजार रुपये त्या तयारीच्या खुराकावर आणि बुटांवर घालवणे जास्त शहाणपणाचे, असे मामांचे मत आहे आणि माझेही तेच आहे.

उडीनंतर त्याच संध्याकाळी स्वतः गाडी चालवत बीड गाठण्याचा आटापिटा करू नये. अंग उतरते, झोप अनावर होते आणि बिजासन घाटात रात्री ट्रकांची रांग असते. घाट उजेडी ओलांडून धुळ्याला थांबावे. तेथून सकाळी निघाले की दुपारच्या जेवणापर्यंत माणूस घरी पोहोचतो.