सायकलच्या फ्रेमसाठी टिग मशीन: वरचा नव्हे, खालचा अँपियर बघा

टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आर्क (विजेची सलग ठिणगी) पेटवून, आर्गॉन वायूच्या आडोशाने धातू जोडायचं वेल्डिंग. या मशीनवर ठळक अक्षरांत २०० अँपियर लिहिलेलं असतं आणि घेणारा त्यालाच भुलतो. सायकलच्या फ्रेमला त्याचा फारसा उपयोग नाही. ४१३० क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलच्या) पाइपची जाडी ०.९ मिलिमीटरच्या आसपास असते, बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) पाइपच्या मधल्या भागात तर त्याहूनही कमी. या जाडीला ३५ ते ५० अँपियर पुरतात. बॉटम ब्रॅकेटची शेल (क्रँकचा आस बसतो ती नळी) जाड असल्यामुळे तिथे थोडे जास्त लागतात. म्हणून विचारायचं ते हे, की १० अँपियरच्या खाली आर्क स्थिर राहतो का? स्वस्त मशीन नेमकी इथेच फडफडतात.

दुसरी गोष्ट फूट पेडल, म्हणजे पायाने करंट कमी-जास्त करायचं पेडल. याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. पाइपच्या टोकदार कोपऱ्यात उष्णता साचते, वितळलेल्या धातूचं डबकं पसरू लागतं आणि त्याच क्षणी करंट उतरवला नाही तर भोक पडतं. शेवटी पेडल हळूहळू सोडायचं. झटकन सोडलं की खड्डा राहतो आणि तडा तिथूनच जातो. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट (न टेकवता आर्क पेटवण्याची सोय) असेल तर उत्तम, कारण टंगस्टन पाइपला टेकवावा लागत नाही.

स्टीलला डीसी पुरतं. टॉर्च निगेटिव्हला जोडायची. ॲल्युमिनियमसाठी एसी मशीन लागतं. शिवाय ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम वेल्डिंगनंतर मऊ पडतं आणि ताकद परत आणायला सबंध फ्रेम भट्टीत घालून हीट ट्रीटमेंट करावी लागते. घरी हे जमणारं नाही, तेव्हा केवळ ॲल्युमिनियमच्या आशेने महागडं मशीन घेऊ नका. मिगने (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेच्या वेल्डिंगने) फ्रेम जोडता येते, पण सुरुवातीचा टाका थंड बसतो. वरून भरलेला दिसतो, आत धातू एकजीव झालेला नसतो.

वाचलेले पैसे टॉर्चवर घाला. लहान ९ नंबरची टॉर्च, गॅस लेन्स (गॅस एकसारखा सोडणारी जाळी), १.६ मिलिमीटरचा लँथनेटेड (लँथनम ऑक्साइड मिसळलेला) टंगस्टन, शुद्ध आर्गॉन मिनिटाला ६ ते ८ लिटर. गॅस जास्त सोडला तर भोवरा होऊन हवा आत ओढली जाते आणि टाक्यात बुडबुडे राहतात. फिलर (भर घालायची सळई) ईआर७०एस-२, शक्यतो १.२ मिलिमीटरचा, जाड सळई बारीक डबकं एकदम गार करते.

वेल्डिंगआधी पाइप जुळवून धरल्यावर जॉइंटमध्ये उजेड दिसता कामा नये. फट असेल तर पाइप पुन्हा घासा. फिलरने ती बुजवायला गेलात तर पाइप जादा तापून वाकतो. शेलजवळ आर्क जाड भागावर धरायचा आणि डबकं पातळ पाइपकडे ओढायचं. पाइपच्या कडेला चर पडला तर फ्रेम पुढे तिथेच तुटते. टाका पाण्याने गार करू नका, क्रोमोली ठिसूळ होतं.

प्रत्येक बंद पाइपला ३ मिलिमीटरचं भोक आधीच पाडा. नाहीतर आतली तापलेली हवा शेवटचा टाका फोडून बाहेर येते. पाइप ॲसिटोनने पुसून पूर्ण वाळू द्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर वर्कशॉपमध्येही ठेवू नका. त्याची वाफ आर्कच्या संपर्कात आली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.