बोअरची वही : .२२ पासून .३१५ पर्यंत

बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतला व्यास, रायफलीत बहुधा इंचात किंवा मिमीत मोजलेला. कोणतं बोअर कशाला, याची टिपणं मी या वहीत ठेवतो. मागच्या नोंदीत वही .२२ वर थांबली होती. मधल्या काळात दोन प्रश्न एकदम समोर आले आणि दोघांची उत्तरं निरनिराळी निघताहेत. मावसभाऊ जर्मनीत नोकरीला आहे. तिथली शिकारीच्या परवान्याची परीक्षा तो पास झाला आणि आता ससा, कोल्हा, रो हरिण, जमलं तर रानडुक्कर एवढ्यासाठी पहिली रायफल कोणत्या बोअरची घ्यावी, हे त्याला ठरवायचंय. इकडे औशाजवळच्या शेतात डुकरांनी हरभरा उलथापालथा केला आणि काकांच्या डोक्यात १२ बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीच्या जोडीला रायफल घ्यायचं आलं.

नव्यानं छंदाला लागलेल्यांसाठी आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. काळवीट, चिंकारा तर सोडाच, बांधावरचा ससा आणि तितरसुद्धा त्यातच आले. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. या दोन कागदांची सरमिसळ करणारे आपल्या तालुक्यात पुष्कळ भेटतात. तेव्हा खाली सशा-हरणाचा जो हिशेब आहे तो सगळा भावाच्या मुलखातला.

बोअरच्या गप्पा नळीच्या व्यासावर येऊन अडतात, तिथंच घोळ होतो. .२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन यांच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच, ५.७ मिमी. पण पहिलीची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ३३० ते ३८० मीटर वेगानं निघते आणि तिच्यात फार तर दीड-पावणेदोनशे जूल ऊर्जा असते. दुसरीची ५५ ग्रेनची गोळी हजार मीटरच्या जवळपास वेगानं, १,७०० जूल घेऊन निघते. सरळ दहापट. म्हणून मी वहीतला व्यासाचा रकाना खोडला होता आणि वजन, वेग, १०० मीटरवरचे जूल आणि गोळीची जात एवढंच ठेवलं होतं. जर्मन कायदा वाचल्यावर तो रकाना परत घालावा लागला, ते पुढे येतंच.

सशासाठी .२२ लाँग रायफलला तोड नाही, फक्त पल्ला ओळखून. पोकळ टोकाची गोळी, पन्नास-साठ मीटर, बस्स. ५० मीटरवर नेम बसवलेली रायफल १०० मीटरवर गोळी १५ ते १८ सेंटीमीटर खाली टाकते. सशाचं डोकं केवढं असतं ते आठवा. शिवाय ही गोळी सावकाश आणि जड, त्यामुळे कडक जमिनीवरून उसळून भलतीकडे जाते. २००२ साली आलेली .१७ एचएमआर १७ ग्रेनची इवलीशी गोळी ७७५ मीटरच्या वेगानं फेकते. सव्वाशे मीटरपर्यंत ती सरळ जाते आणि आदळली की बहुधा तिथंच फुटते. वारा मात्र तिला सहज ढकलतो.

रो हरिण वीस-पंचवीस किलोचं, म्हणजे आपल्या चिंकाऱ्याएवढं. त्यासाठी जर्मन कायदा म्हणतो, १०० मीटरवर गोळीत निदान १,००० जूल हवेत. .२२३ त्यात आरामात बसते. रानडुक्कर आणि बाकीच्या खुरांच्या जनावरांना मात्र १०० मीटरवर २,००० जूल आणि वर किमान ६.५ मिमी व्यास. इथं .२४३ विंचेस्टरची गंमत होते. १९५५ चं काडतूस. .३०८ ची पुंगळी तीच, फक्त मान आवळून ६.२ मिमीवर आणलेली. १०० ग्रेनची गोळी ९०० मीटर वेगानं जाते, १०० मीटरवर २,००० जूल सहज शिल्लक राहतात, तरी डुकरावर चालत नाही, कारण व्यास कमी पडतो. हीच .२४३ इंग्लंडमध्ये मोठ्या रेड डिअरवरसुद्धा चालते, कारण तिथली अट .२४० इंच व्यास आणि १,७०० फूट-पाउंड (नळीच्या तोंडाशी सुमारे २,३०० जूल) एवढीच आहे. जनावर तेच, गोळी तीच. मला विचाराल तर इंग्रजांची अट जास्त शहाणपणाची वाटते, पण भावाला राहायचंय जर्मनीत.

मग उरले तीन उमेदवार. ६.५×५५ (गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मिमीत), जे १८९४ पासून चालत आलंय, २००७ चं ६.५ क्रीडमूर, आणि १९५२ चं .३०८ विंचेस्टर. भावाचा ओढा .३०८ कडे. "दादा, इथं सगळे तेच वापरतात, काडतूस कुठंही मिळतं." खोटं नाही. तिकडच्या काही राज्यांत शिशाच्या गोळीवर बंदी आहे आणि तांब्याच्या गोळ्यांत .३०८ ला भरपूर निवड मिळते. माझं मत ६.५ कडे झुकतं ते धक्क्यामुळे. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०८ खांद्याला जेवढी मारते, त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ६.५ मारते. नवा माणूस धक्क्याला घाबरला की चाप ओढायच्या क्षणी डोळा मिटतो, नळी खाली जाते आणि हरिण पोटात गोळी घेऊन झाडीत शिरतं. पोटात लागलेल्या जनावरामागे तासन् तास कुत्रं घेऊन फिरावं लागतं, ही गोष्ट तिथल्या परीक्षेतही शिकवतात. ६.५ ची लांबट, सडपातळ गोळी आत खोलवर जाते. डुकराला तेवढं पुरतं.

एकाच रायफलीत ससा ते डुक्कर हा हट्ट मात्र त्याला सोडायला लावला. ६.५ सशाला लागली तर खायला कान उरतील. सशासाठी .२२ वेगळीच घ्यायची, आणि सरावही तिच्यावरच करायचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटरवर कांस्य आणलं ते याच .२२ वर. त्या निशाण्यावरचा दहाचा गोल १०.४ मिमीचा असतो. उभ्यानं त्याच्या जवळपास गोळ्या टाकता आल्या की मग जंगलातली मोठी रायफल अवघड जात नाही. मी स्वतः बालेवाडीला ५० मीटरवर जातो तेव्हा पडून छान जमतं, उभं राहिलं की नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी नाचायला लागते. त्यावर काम चालू आहे.

आता काका. त्यांच्यासाठी यादी आपोआप आखूड होते. .३०३ आणि ७.६२ ही लष्करी बोअर साध्या परवान्यावर मिळत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे १२ बोअर धरून जागा एकच. समोर आहे ती इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ किंवा .३०-०६. .३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रियाचं जुनं ८ मिमी मॅनलिखर काडतूस. २४४ ग्रेनची गोळी, वेग सहाशे मीटरच्या आसपास, ताकद तीन हजार जूलच्या अलीकडे-पलीकडे. जड आणि सावकाश. शंभर मीटरच्या आत रानडुकराला भरपूर, दोनशेवर गोळी चांगलीच खाली येते. काडतूस आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचंच. .३०-०६ कागदावर कितीतरी सरस, पण काडतुसाला जास्त पैसे आणि जास्त शोधाशोध.

मी हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं खरं. पर गोळी चुकली तर कुठवर जाऊलाली?"

तीन-चार किलोमीटर सहज, असं सांगितलं तेव्हा ते गप्प बसले. आमचं शिवार काळ्या रानाचं, सपाट. मागं टेकडी नाही, उंच बांध नाही. उत्तरेला वस्ती, दक्षिणेला रस्ता, आणि डुकरं येतात रात्री, जेव्हा शेजारच्या रानात कुणीतरी जागलीला असतंच. भावाकडे याचं उत्तर उंच मचाण आहे. तिथून गोळी तिरपी जमिनीत जाते. आमच्याकडे माळा फार तर आठ-दहा फुटांचा, आणि त्यावरूनही ऐंशी मीटरवरच्या डुकराकडे नळी जवळजवळ आडवीच राहते. १२ बोअरच्या एलजीचा, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसाचा, उपयोग तीस-चाळीस पावलांपर्यंत, पण तिचे छरे काही किलोमीटर तरी जात नाहीत. म्हणून वनखात्याची परवानगी हातात आली तरी सपाट रानात मी रायफलच्या बाजूनं मत देणार नाही. बालाघाटच्या उतारावर ज्यांची शेतं आहेत त्यांनी आपापली जमीन पाहून ठरवावं. काकांनी रायफलचा अर्ज बाजूला ठेवलाय आणि हरभऱ्याभोवती झटका तारेचे भाव काढायला सुरुवात केलीय.

भावानं अजून पैसे भरलेले नाहीत. दुकानदार त्याला ६.५×५५ आणि .३०८ अशा दोन्ही रायफली रेंजवर चालवून बघू देणार आहे. आधी .३०८ च्या पाच गोळ्या, मग ६.५ च्या पाच, असं न करता आलटून पालटून मार, आणि कोणती कोणती ते न सांगता निशाण्यांचे फोटो पाठव, असं त्याला कळवलंय. गोळ्यांचे घोळके बघून मीच ओळखतो कुठं डोळा मिटला ते.