दुसरं कार्ड लावून पाहिलं एकदाचं

४ मे

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलावं की आहे त्याच्या जोडीला दुसरं टाकावं, हा घोळ महिनाभर चालू होता. मशीन तीच जुनी: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि आठ जीबीचं आरएक्स ५८० कार्ड. नागपूरच्या मनीष नगरातल्या दादाकडे हुबेहूब असंच ५८० पडून होतं. तो मायनिंगवाला, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन कमावणारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंगच बंद झालं, तेव्हापासून त्याची कार्डं कपाटात. म्हणाला, "पाच हजार दे अन् घेऊन जा. नाही जमलं तर आणून दे. टेन्शन काहून घेतं बे?"

नवं आरएक्स ६६०० कार्ड तेव्हा वीस हजारांच्या आसपास होतं. पाच आणि वीस समोरासमोर ठेवले की कोणाचंही मन डळमळतं.

आणल्या आणल्या उघडलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला, आणि त्यात कूलरच्या खसाचे बारीक तूस अडकलेले. म्हणजे दादानं मायनिंगची मशीन कूलरसमोरच ठेवली होती! चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नवी पेस्ट यात सगळी दुपार गेली. एक पंखा सुरू होताना किंचित कुरकुरतो, बाकी कार्ड ठणठणीत.

११ मे

आज बसवलं. दोन कार्डं मिळून एकच गेम चालवायच्या एएमडीच्या सोयीला क्रॉसफायर म्हणतात. ५८० च्या क्रॉसफायरला वेगळी जोडपट्टी (ब्रिज) लागत नाही, दोन्ही कार्डं बोर्डावरच्या पीसीआयई स्लॉटमधूनच एकमेकांशी बोलतात. ऐकायला सोयीचं आहे, पण बी४५० वर खरी अडचण तिथेच. वरचा स्लॉट प्रोसेसरला जोडलेला, १६ लेनचा (डेटा जायच्या वाटा), ३.० पिढीचा. खालचा दिसायला तेवढाच लांब, पण माझ्या बोर्डात तो चिपसेटवरून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून येतो: चार लेन, त्याही २.० पिढीच्या. वर सेकंदाला १५ जीबीच्या पुढे, खाली जेमतेम दोन. बोर्डाच्या डब्यावर 'क्रॉसफायर' असं मोठ्या अक्षरात छापलंय, ही बारीक गोष्ट मात्र मॅन्युअलच्या आत.

पहिली चाचणी सायबरपंक या गेमची. दुसरं कार्ड शून्य टक्के. गेम त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग शॅडो ऑफ द टूम रेडर लावला, कारण डीएक्स१२ मध्ये (विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीत) दोन कार्डं वापरण्याची सोय त्याच्या निर्मात्यांनी स्वतः करून ठेवलीय. एका कार्डावर सेकंदाला सरासरी ५८ फ्रेम (पडद्यावरची चित्रं), दोघांवर ७१. मी खुर्चीतून उठलोच. पण खेळायला बसलो तर हात अडखळल्यासारखे वाटायला लागले.

मग फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळाचा आलेख काढला. एका कार्डावर प्रत्येक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांना, सरळ रेघ. दोघांवर ८, २०, ८, २०. सरासरी १४, म्हणून आकडा ७१ दिसतो. पण डोळ्याला जाणवतो तो २० चा खड्डा, आणि तो एकट्या कार्डाच्या १७ पेक्षाही मोठा! म्हणजे जास्त फ्रेम दिसूनही गेम आधीपेक्षा खडबडीत.

याचं कारण कार्डं आळीपाळीनं फ्रेम काढतात: एक विषम, दुसरं सम. पूर्वी ते चालून जायचं, कारण प्रत्येक फ्रेम आपापली स्वतंत्र असायची. आता कडा गुळगुळीत करायची टीएए ही पद्धत मागच्या फ्रेमचा डेटा मागते, आणि मागची फ्रेम तर शेजारच्या कार्डात. ती त्या दोन जीबीच्या बोळातून येईपर्यंत वाट बघा. मेमरीचीही बेरीज होत नाही. दोन्हींत तेच टेक्स्चर भरावं लागतं, म्हणून आठ अधिक आठ बरोबर आठच. १९९८ मध्ये व्हूडू २ या कार्डांची जोडी चित्राच्या ओळी वाटून घ्यायची, एकानं सम, दुसऱ्यानं विषम. तो जमाना साधा होता. एनव्हिडियानं तर जानेवारी २०२१ पासून एसएलआयच्या, म्हणजे त्यांच्या कार्डांच्या जोडीच्या, नव्या गेमसाठीच्या प्रोफाइल काढणंच थांबवलं.

रात्री उरलीसुरली हौस फिटली. एका कार्डाचे १८५ वॅट धरले तर दोघांचे ३७०, त्यात प्रोसेसर. प्लग-मीटर ५०० च्या पुढे. वरच्या कार्डाचे पंखे खालच्याच्या पाठीला जवळजवळ चिकटलेले, त्यामुळे ते खालचीच गरम हवा ओढत बसलं. खोलीत कूलर चालू असूनही ३९ अंश, वरचं कार्ड ८९. दहाव्या मिनिटाला मशीन खटकन बंद. आतून बाबांचा आवाज, "लाइन गेली का?" नाही गेली. पॉवर सप्लायनं हात टेकले होते. दोन्ही कार्डांचे प्लग एकाच केबलवर होते. हा गाढवपणा माझा. वायर हाताला चांगलीच कोमट लागली.

आता जोडी चालवायचीच तर नवा बोर्ड, ७५० वॅटचा सप्लाय, मोठी केस. पाच हजारांचं कार्ड कुठल्या कुठे जातं बघा.

१८ मे

सीताबर्डीवरून आरएक्स ६६०० घेतलं. एका दुकानदारानं 'पॉवर सप्लाय बदलल्याशिवाय चालणारच नाही' म्हणून माझ्या गळ्यात ६५० वॅटचा बांधायचा प्रयत्न केला. १३२ वॅटचं कार्ड, एकच आठ पिनांचा प्लग, काहून बदलू? पुढच्या दुकानात गेलो.

मला वेगळीच धाकधूक होती. हे कार्ड आठच लेन वापरतं, ४.० पिढीसाठी बनलेलं, आणि माझा बोर्ड ३.० चा. तरी सेकंदाला जवळपास आठ जीबी मिळतात. टूम रेडरच्या त्याच चाचणीत १०० च्या आसपास फ्रेम, आणि आलेख सरळ. तापमान ६८. मुख्य म्हणजे आई आता खोलीत येऊन "भट्टी लावली का?" असं विचारत नाही.

२५ मे

आजपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी एक ते पाच मशीन बंद, हा घरचा जुना नियम. संध्याकाळी अंडरव्होल्टिंग, म्हणजे कार्ड थंड राहावं म्हणून त्याचं व्होल्टेज कमी करणं सुरू केलं. ११५० मिलिव्होल्टवरून २५-२५ नं खाली येतोय. १०७५ वर तासभर टिकलं, १०५० वर गेम सुरू होताच काळा पडदा. तूर्त १०७५.

कूलर खिडकीतून हलवून केसच्या तोंडापासून दूर केलाय, आणि समोरच्या जाळीवर नायलॉनचा जुना मोजा ताणून लावलाय. दिसतो भिकार, पण आठवड्यात त्यावर जेवढी धूळ आली तेवढी एरवी आत गेली असती.

दादाचं कार्ड साफ करून परत केलं. त्यानं पेस्ट बघितली आणि म्हणाला, "अबे, आणखी चार आहेत, तेही करून देतं का?" माझं जुनं ५८० अजून टेबलावरच आहे. मामेभावाच्या मशीनला बसतं का ते पुढच्या रविवारी बघतो. त्याच्या केसची लांबी मोजायला सांगितलीय, तर त्यानं वीतभर असं उत्तर पाठवलं.