सहातल्या चार

पाऊस ओसरून पाखाडीच्या जांभ्यावरचे शेवाळ वाळले, की रत्नागिरीतल्या आमच्या धावणाऱ्या मंडळींत वेगापेक्षा गुणतक्त्याचीच चर्चा अधिक होऊ लागते. ऑक्टोबर ते मार्च या काळात भाट्याच्या वाळूवरच्या पाच किलोमीटरपासून आरे-वारेच्या चढाला भिडणाऱ्या अर्धमॅरेथॉनपर्यंत सहा शर्यती ठरतात आणि प्रत्येकीत क्लबमधल्या पहिल्याला 30, दुसऱ्याला 29 असे उतरते गुण मिळतात. क्रमांक फक्त आपल्यातलाच मोजायचा असल्यामुळे एकूण गर्दीत पार मागे राहिलेला माणूसही आपल्यात चौथा ठरू शकतो, आणि हे समाधान किरकोळ नव्हे.

खरी गंमत आहे ती पुढच्या नियमात: सहांपैकी ज्या चार शर्यती उत्तम झाल्या, त्यांचेच गुण धरायचे. हा नियम नसता तर अर्धा क्लब हंगामाच्या मध्यावरच स्पर्धेतून उठला असता. कोणाच्या गावची जत्रा असते, कोणाला मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी उरकायची असते. आणि शिमग्यात पालखी दारी येणार त्या दिवशी घर सोडून धावायला जाण्याची तर कोणाची छाती नाही. मात्र वाटतो तेवढा हा नियम साधा नाही. 1988 साली फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या मालिकेत 16 पैकी उत्तम 11 शर्यतींचेच गुण धरले जात. अ‍ॅलन प्रोस्टने एकूण 105 गुण मिळवले आणि आयर्टन सेनाने 94. पण धरलेल्या गुणांत सेना 90 आणि प्रोस्ट 87 असा हिशेब झाल्याने विजेतेपद सेनाकडे गेले. प्रोस्टचे गाळले गेलेले तिन्ही निकाल दुसऱ्या क्रमांकाचे होते! तिथे 1991 पासून सगळ्याच शर्यती धरू लागले. पण त्यांच्या घरी पालखी येत नाही.

आमच्याकडे वयानुसार टक्केवारीचा दुसरा तक्ताही असतो. जागतिक मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सच्या कोष्टकात त्या वयाच्या स्त्री किंवा पुरुषासाठी दिलेल्या प्रमाणवेळेला आपल्या वेळेने भागायचे. प्रमाणवेळ 45 मिनिटे असताना आपल्याला 60 लागली, तर 75 टक्के. या तक्त्यात साठी ओलांडलेल्या एक काकू तिशीतल्या पोरांच्या वर दिसतात आणि पोरांना कोष्टकाच्या अचूकतेविषयी अचानक शंका येऊ लागतात. मला विचाराल तर पहिल्या तक्त्यापेक्षा हाच अधिक खरा आहे.

आता राहिला स्वयंसेवकांचा नियम. एखाद्या शर्यतीत न धावता पाण्याच्या टेबलाशी उभे राहणाऱ्याला हंगामअखेरीस त्याच्या इतर शर्यतींची सरासरी त्या दिवसाचे गुण म्हणून मिळते, म्हणजे सेवा केल्याबद्दल कोणाचे नुकसान होत नाही. नियम उदार आहे, यात वाद नाही. परंतु त्यामुळे वेगवान माणसाने ओतलेल्या कोकम सरबताला माझ्यासारख्याने ओतलेल्या सरबतापेक्षा कितीतरी अधिक गुण पडतात. हा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही. तो मी पुढच्या सभेत काढणार आहे.